काठापर्यंत स्वतःच्या चाकांवर

नमस्कार ताई,

मी ३९ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार बसला. कंबरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात मात्र ठणठणीत आहेत. लहानपणी बाबांच्या मागे लागून गळ टाकायला शिकले होते, ते वेड अजून उतरलेलं नाही. जवळच एक लहानसं तळं आहे. त्यात मासे सोडून वाढवलेत आणि पैसे भरून गळ टाकू देतात. तिथे जाऊनही आले. दादा आणि त्याच्या मित्राने मला खुर्चीसकट उचलून पाण्याशी नेऊन ठेवलं. मग दुपारपर्यंत मी तिथेच. वळता येईना, मागे सरता येईना. गळांचा डबा हवा असला तरी हाक मारायची. मासा लागला तेव्हा "तू पडशील" म्हणत दादाने काठी हातातून काढून घेतली. तळ्याचे मालक विचारतात, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? दादा म्हणतो, तू घरी थांब, मासे मी आणून देतो. मला मासे नकोत हो, मला गळ टाकायचाय. आणि जमलं तर एकटीने जायचंय. हट्ट सोडून देऊ का? शिवाय, पकडलेला मासा तिथे परत सोडावा लागतो. तो खुर्चीतून कसा सोडायचा, हेही सांगा.

— गळाला लागलेली

प्रिय मैत्रिणी,

हट्ट अजिबात सोडू नका. फक्त पत्रात तुम्ही दोन मागण्या एकाच गाठीत बांधल्यात, ती गाठ आधी सोडवू. पाण्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर जायचं, स्वतःच्या चाकांवर परत यायचं आणि मासा लागला की काठी कुणाच्या हाती द्यायची नाही, ही पहिली मागणी. ती रास्त आहे आणि जमण्यासारखी आहे. मी स्वतः व्हीलचेअरवरून गळ टाकते, म्हणून इतकं ठामपणे सांगते. एकटीने जायचं, ही दुसरी. तिथे मात्र मी दादाच्या बाजूने. पाण्याकाठी एकट्याने जाऊ नये हे धडधाकट माणसालाही लागू आहे, तो ते पाळत नाही हा त्याचा प्रश्न. तुमच्यासोबत हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं. पण हाकेच्या अंतरावर म्हणजे खुर्चीचे दांडे धरून मागे उभं राहणं नव्हे. दादाने आपली काठी घेऊन दहा-पंधरा पावलांवर बसावं, स्वतःचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारी गळाची खूण) बघावा आणि तुम्ही बोलावलंत तरच उठावं.

खुर्चीसकट उचलून नेणं मात्र आजपासून बंद. मानापमान बाजूला ठेवा, तो तुमचा तुम्हाला कळतोच. मला काळजी आहे ती वेगळीच. जिथे उचलून न्यावं लागतं, तिथून स्वतःहून बाहेर पडता येत नाही. वीज कडाडायला लागली, काठ खचायला लागला, मधमाश्या उठल्या आणि उचलणाऱ्या दोघांपैकी एक जण फोनवर बोलत लांब गेलेला असला, तर काय? शिवाय बऱ्याच खुर्च्यांचे आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट काढता-घालता येणारे असतात. घाईत उचलणारा माणूस नेमका तिथेच धरतो. मग तो भाग येतो त्याच्या हातात आणि खुर्ची जाते खाली. कधी उचलायची वेळ आलीच तर मुख्य सांगाड्याला धरायचं, हे दादाला आताच दाखवून ठेवा.

तेव्हा पहिल्या फेरीला काठी नेऊच नका. फक्त जागा बघायला जा.

मासे सोडून वाढवलेल्या तळ्याची एक गंमत असते, आणि ती आपल्या फार पथ्यावर पडते. नदीत मासा जिथे असेल तिथे माणसाला जावं लागतं. इथे मासा बाहेरून टाकलेल्या खाद्यावर वाढतो. खाद्य रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एक-दोन जागांवरून पडतं, आणि मासे ती जागा आणि वेळ दोन्ही शिकतात. काठावर पावलं वाजली तरी काही तळ्यांत पाणी हलायला लागतं. आता विचार करा, खाद्याची पोती घेऊन माणूस रोज कुठून जात असेल? जिथे वाट सरळ आहे, चढउतार कमी आहे, तिथूनच. म्हणजे माशांची आवडती जागा आणि रोजच्या पायांनी, हातगाडीच्या चाकांनी चेपून टणक झालेली जमीन बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. म्हणून मालकांना "कुठे बसू?" असं विचारू नका, ते सावलीतली एखादी छानशी आणि निरुपयोगी जागा दाखवतील. "खाद्य कुठून टाकता आणि किती वाजता?" असं विचारा. मग खाद्याच्या वेळेच्या तासभर आधी तिथे असा. एकदा खाद्य पडून गेलं की पोट भरलेला मासा तुमच्या गळाकडे ढुंकून बघत नाही.

पहाटेच जायला हवं असं गळवाले सांगतात, ते अशा तळ्यासाठी मी फारसं मनावर घेत नाही. लहान तळ्यात मासे दाटीने असले की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळही तो वापरतच असतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेने नाही, श्वासासाठी. अशा वेळी ते खातही नाहीत आणि पकडून सोडलेला मासा तगण्याची शक्यताही कमी. शिवाय पहाटे गवतावर दव असतं. चाकं हाताने फिरवायच्या कड्या ओल्या होतात, हात सटकतात आणि ब्रेकही नीट धरत नाहीत. ऊन पडून जमीन सुकली की जा, किंवा संध्याकाळी.

जागा सापडली की तिची परीक्षा घ्या. कुणाचाही हात न लागता आत जा, पूर्ण गिरकी घ्या आणि बाहेर या. गिरकी झाली नाही तर ती जागा बाद, मासे कितीही असोत. मग पाण्याची भरलेली बाटली जमिनीवर आडवी ठेवा. ती पाण्याच्या दिशेने घरंगळली तर तुमची खुर्चीही कधीतरी घरंगळणार. डोळ्याला सपाट दिसणारा काठ बाटलीला तसा दिसत नाही. काठाची कड शेजारून वाकून कुणाला तरी बघायला सांगा. लाटांनी आणि खेकड्यांनी खालची माती पोखरलेली असते, वर गवताची साय तेवढी उरते. बांधून काढलेला कट्टा नसेल तर पुढची लहान चाकं कडेपासून निदान हातभर तरी, जमलं तर मीटरभर मागेच ठेवा. त्याने काही बिघडत नाही, काठीची लांबी असते कशाला?

भुसभुशीत जमिनीत नेहमी पुढची लहान चाकं रुततात. अशा पट्ट्यातून उलटं जायचं, म्हणजे मोठी चाकं आधी. शेवटचे काही फूटच मऊ असतील तर प्लायवूडच्या दोन फळ्या किंवा रबरी मॅट गाडीत ठेवा. मात्र फळी उताराला पाण्याच्या दिशेने टाकू नका, ओली झाली की तीच घसरगुंडी होते.

एका प्रकारच्या तळ्याला मात्र माझा सरळ नकार आहे. खणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं तळं. त्याच्या बाजू तिरक्या आणि गुळगुळीत असतात, त्यावर शेवाळ धरतं. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तुमचं तळं तसलं असेल तर पुढचं वाचायच्या आधी दुसरं तळं शोधा.

आता खुर्ची कशी लावायची ते. बहुतेक जण तोंड पाण्याकडे करून बसतात, कारण फोटोत तसंच दिसतं. मी खुर्ची काठाला जवळजवळ समांतर लावते, किंचित तिरकी. चाकं पुढे-मागेच फिरतात. ती काठाच्या दिशेने लावलीत तर ब्रेक सुटल्यावर खुर्ची पाण्यात जाणार. समांतर लावलीत तर काठाकाठाने पुढे सरकेल, तिथे एक वीट पुरते. पाण्याकडच्या बाजूचा आर्मरेस्ट काढता येत असेल तर काढून ठेवा, काठीचा दांडा त्यावर आपटत राहतो. समोर तोंड करून बसायचंच असेल तर पुढच्या चाकांच्या पुढे आडवा ओंडका किंवा पक्की ठोकलेली पट्टी हवी.

ब्रेकबद्दल जरा थांबते, कारण इथे भल्याभल्यांचं दुर्लक्ष होतं. साध्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा एक लोखंडी तुकडा. टायरमधली हवा कमी झाली की तो टायरपर्यंत पुरेसा पोचतच नाही. खटका तर वाजतो, खुर्ची मात्र हलते. घरात फरशीवर हे लक्षात येत नाही. निघायच्या आधी हवा भरा, ब्रेक लावा आणि कड्या दोन्ही हातांनी जोरात पुढे ढकलून बघा. चाक तसूभरही फिरता कामा नये.

दुसरी युक्ती पुढच्या लहान चाकांची. जागेवर आल्यावर खुर्ची थोडी मागे घ्या. ती लहान चाकं गर्रकन फिरून पुढच्या बाजूला तोंड करतात. मग ब्रेक लावा. चाकं अशी पुढे असली की खुर्चीचा पाया लांबतो आणि पुढे वाकताना ती तोंडावर येण्याची शक्यता कमी होते. चाकं मागे वळलेली असताना वाकणं आणि पुढे वळलेली असताना वाकणं, दोन्ही घरी पलंगासमोर करून बघा. फरक पाठीला लगेच कळेल.

मालकांचा प्रश्न मला उर्मट वाटत नाही. त्यांना भीती वाटते आणि त्यावर काय करायचं ते त्यांना माहीत नाही. "माझी जबाबदारी माझी" असं लिहून द्यायला निघू नका, त्याने ते सुटतील, तुम्ही नाही. त्यापेक्षा मोजमापं घेऊन जा. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांमध्ये मासेमारीच्या धक्क्यांसाठी वेगळा भाग आहे. त्यातले आकडे कुठल्याही तळ्याला उपयोगी पडतात. खुर्ची उभी राहायला ३० इंच बाय ४८ इंच मोकळी जागा. वळायला ६० इंच, म्हणजे ५ फूट व्यासाचा सपाट गोल. कठडा असेल तर त्याचा निदान २५ टक्के भाग ३४ इंचांपेक्षा उंच नको, म्हणजे बसल्या बसल्या त्यावरून काठी फिरवता येते. आणि चाक पुढे जाऊ नये म्हणून कडेला निदान २ इंच उंचीची पट्टी. उतरण असेल तर फूटभर उतारासाठी १२ फूट लांबी. म्हणजे मालकांना घाट बांधायचा नाहीये. खाद्य टाकायच्या जागेवर ५ फुटांचा एक चौकोन ठोकून सपाट करायचा आणि पाण्याकडे २ इंचांची पट्टी लावायची, बस. गुडघे गेलेली म्हातारी माणसं आधी त्यावर स्टूल टाकून बसतील, हेही त्यांना सांगा. ग्राहक ग्राहक असतो.

आता लाइफ जॅकेट. घाला. पोहता येत असलं तरी घाला, अपघातापूर्वी येत असलं तर नक्कीच घाला, कारण आता शरीर पाण्यात वेगळं वागतं. पाय वर येतात, धड त्याच्या मर्जीने वळतं. जॅकेट किती जोराने तरंगवतं, त्याचा आकडा न्यूटनमध्ये त्यावर लिहिलेला असतो. ५० चं जॅकेट पोहणाऱ्याला मदत म्हणून असतं, तोंड पाण्याबाहेर राहीलच असं नाही. १०० किंवा १५० चं घ्या आणि ते आधी उथळ तलावात, दोन माणसं दोन्ही बाजूंना धरून, चढवून बघा. तुम्हाला ते उताणं ठेवतं का, हे तिथेच कळायला हवं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावा, नाहीतर जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. मात्र पट्ट्याखाली कातडी चिमटत नाही ना, हे हाताने चाचपा. तुम्हाला ते जाणवणार नाही.

खुर्चीच्या पट्ट्याचं उलट आहे. पाण्यात गेलेली खुर्ची बुडते आणि पट्ट्याने बांधलेला माणूस तिच्याबरोबर जातो. जॅकेटचाही मग उपयोग नाही. तोल राखायला पट्टा लागत नसेल तर काठावर सोडून ठेवा. लागत असेल तर एका हाताने, न बघता उघडणारा बकल हवा. डोळे मिटून डाव्या हाताने उघडा, मग उजव्या हाताने. दोन्हीकडून लगेच उघडला तरच तो पट्टा तळ्यावर न्यायचा.

आणि आता काठी, ज्यासाठी हे सगळं.

बाबांची बांबूची काठी जपून ठेवली असेल तर लहान माशांसाठी ती उत्तम. तिला रीळ नाही, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) टोकाला बांधलेली, काठावरून हात लांब केला की फ्लोट जागेवर. पण मोठा मासा लागला तर तिच्यात सैल सोडायला काही नसतं. सगळी ओढ तुमच्या खांद्यावर येते आणि कंबरेखाली पकड नसलेल्या माणसाचं धड त्या ओढीबरोबर पुढे जातं. दादाने काठी हिसकावली ती बहुधा हे बघूनच. म्हणून रीळवाली, सहा-सात फुटांची काठी घ्या, मागचा दांडा आखूड असलेली. लांब दांडा चाकात अडकतो.

रिळाचा ड्रॅग म्हणजे ओढ वाढली की तंगूस सोडणारी चकती. तिचं गणित घरी अंगणात बसवायचं. खुर्चीत बसा, ब्रेक लावा, काठी हातात घ्या. दादाला तंगुसाचं टोक धरून वीस पावलांवर उभं करा आणि मोठ्या माशासारखं ओढायला सांगा. तुमची पाठ टेकणीपासून सुटायच्या आधी रिळातून तंगूस सुटायला लागली पाहिजे. तोवर ड्रॅग ढिला करत राहा. दादाला हा खेळ मनसोक्त खेळू द्या. आपण कितीही ओढलं तरी बहीण जागची हलत नाही, हे एकदा त्याच्या हातांना कळलं की तळ्यावर तो काठीला हात लावणार नाही. शब्दांनी हे होणार नाही.

मासा झुंजत असताना मी एक हात खुर्चीच्या मागच्या दांड्यात अडकवते. कोपर मागे नेऊन ढकलायच्या मुठीभोवती गुंतवायचं, धड तिथे टांगलं जातं आणि दुसरा हात काठी सांभाळतो. रीळ गुंडाळायची वेळ आली की काठीचा दांडा मांडी आणि खुर्चीच्या बाजूच्या पत्र्यात दाबून धरायचा. मांडीवर दांड्याचा वळ उठू नये म्हणून मध्ये जाड टॉवेल. मासा पळाला तर पळू द्या. लहान तळं आहे, जाऊन जाऊन जाईल कुठे!

गळ डोक्यावरून फेकू नका, मागच्या मुठीत किंवा पाठीच्या कापडात अडकतो. लोलकासारखा खालून झुलवून सोडा. पाण्याकडच्या चाकावर जुनी चादर टाका, नाहीतर सुटलेली तंगूस आऱ्यांत जाते आणि तुम्हाला वाकून काढता येत नाही. अशा तळ्यात लांब फेकायची गरजही नसते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. तळाशी खाणारे मासे उजेड उतरला की काठाकाठाने दोन-तीन मीटरवर फिरतात, काठावर फार धपधप नसली तर. आणि खुर्चीत शांत बसलेल्या माणसाइतकी कमी धपधप कोण करतं? कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या एकाच जागी, थोड्या थोड्या वेळाने टाकत राहा. एकदम ढीग टाकलात तर मासे तोच खाऊन जातील. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तरंगतं खाद्य जमतं, त्यामुळे तोंडावर वारा लागत असेल तर कुरकुरू नका.

काठी कार्बनची असेल तर डोक्यावर विजेची तार नाही ना, हे आधी बघा. कार्बनमधून वीज वाहते. तार दिसली की ती जागा सोडायची, मग तिथे कितीही मासे असोत.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. मासा सोडवायला सोपं, आणि तुम्हाला स्वतःलाही. याचं कारण नीट ऐका. मांडीवर पडलेला गळ तुम्हाला टोचणार नाही. म्हणजे टोचेल, पण कळणार नाही. तुम्ही तो घेऊन घरी जाल. म्हणून मांडीवर जाड कापडाचा किंवा रेक्झिनचा एप्रन हवा, गळांचा डबा मांडीवर नाही तर बाजूच्या पिशवीत, झाकण लावून. आणि निघायच्या आधी मांड्या, गादी, पायांच्या पाट्या डोळ्यांनी तपासायच्या. गळ रुतलेला दिसला तर ओढून काढत बसू नका, सरळ डॉक्टरकडे, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायला विसरू नका.

शरीराचं बाकीचं तुम्हाला माहीत आहेच, पण मासे खायला लागले की माणूस सगळं विसरतो. दर १५ ते ३० मिनिटांनी बूड हलकं करायचं, एकेका बाजूला किंवा मागे टेकून, मिनिट-दोन मिनिटं. फ्लोटकडे बघत बघतही ते होतं. पुढे वाकून मात्र काठावर करू नका. गादी ओली झाली तर दिवस संपला, घरी जा, बेडसोअर भरायला महिने लागतात. पायांवर कापड टाका, उन्हाने तापलेली फूटरेस्टची पट्टी पोटरी भाजते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. लघवीची पंचाईत म्हणून पाणी पिणं कमी करू नका. गाडी काठाजवळ लावा, काचांना पडदे करा आणि कॅथेटरची (लघवी काढायच्या नळीची) वेळ घड्याळात गजर लावून पाळा. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्यासाठी ही नुसती सोय नाही. तुंबलेलं मूत्राशय किंवा न जाणवलेला रुतलेला गळ, एवढ्यानेही त्यांचा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्याला घाम फुटला तर काठी खाली आणि कारण शोधायला सुरुवात.

बॅटरीची खुर्ची वापरणाऱ्या वाचकांनाही एक गोष्ट सांगून ठेवते. जागेवर पोचलात की स्विच बंद करा, मग काठी हातात घ्या. मासा उचलायच्या जाळ्याचा दांडा जॉयस्टिकला लागायला क्षण पुरतो. आणि मोटरचा क्लच सुटा ठेवू नका, तो सुटला की ब्रेकही सुटतो.

राहता राहिला मासा बाहेर घेणं आणि परत सोडणं. जाळ्याचा दांडा दोन-अडीच मीटरचा हवा, कारण तुमची बैठकच जमिनीपासून दीड फूट वर आहे आणि तुम्ही कडेपासून मागे आहात. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मासा त्यावर ओढत आणायचा, माशामागे जाळं पळवायचं नाही. आत आला की दांडा उभा उचलू नका, वजनाने तुम्ही पुढे जाल. दांडा हाताखालून मागे मागे सरकवत जाळं जवळ आणा. हे दादाने केलं तर चालेल का? चालेल, तुम्ही सांगितलंत तर. मोठ्या माशाला जाळं दुसऱ्याने धरणं ही सगळ्याच गळवाल्यांची रीत आहे, त्यात कुणी काही काढून घेत नाही.

मासा मांडीवर घेऊ नका. तिलापियाच्या पाठीवरचे काटे आणि मांगुराच्या पंखांतले काटे कापडातून आरपार जातात. जाळं काठावर ओल्या चटईवर टेकवा, हात ओले करा आणि लांब नाकाच्या पक्कडीने गळ काढा. तिथवर हात पोचत नसेल तर खुर्चीच्या बाजूला टांगलेली उथळ पाण्याची घमेली घ्या, त्यात जाळ्यासकट मासा ठेवून काम करता येतं. फोटो काढायचा तर तेव्हाच, झटपट. मग जाळं पुन्हा पाण्यात सोडा, जाळ्याचं तोंड पाण्याखाली राहील असं, आणि मासा स्वतःहून निघून जाईपर्यंत तसंच धरून ठेवा. त्याला वरून टाकायचं नाही. दमलेला असेल तर थोडा वेळ लागतो, तेवढ्यात दुसऱ्या हाताने ब्रेक अजून घट्ट आहे ना हे बघून घ्या.

तुमची,
सदरवाली ताई